२५ हजारांच्या बजेटमध्ये घरासाठी कोणता एलिप्टिकल ट्रेनर घ्यावा?

उंची पाच फूट आठ इंच, वजन ९२ किलो, धावलं की गुडघे दुखतात, वन-बीएचके फ्लॅट आणि २५ हजारांच्या वर जायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या जागी मी असतो तर या पैशात नवा एलिप्टिकल, म्हणजेच क्रॉस ट्रेनर (उभं राहून पॅडलवर पाय पुढे-मागे सरकवायचं व्यायामाचं मशीन), घेतलाच नसता. चांगल्या बांधणीचा, कमी वापरलेला जुना शोधला असता.

यामागचं मुख्य कारण स्ट्राइड. पॅडलवर पाऊल पुढे-मागे जेवढं सरकतं, ते अंतर. तुमच्या उंचीच्या माणसाला ते १८ ते २० इंच लागतं. स्वस्त मशीनमध्ये ते बऱ्याचदा १२ ते १४ इंचच असतं. एवढ्याशा अंतरात पाय सरकत नाहीत, नुसते वर-खाली होतात आणि प्रत्येक फेरीत गुडघा जिना चढल्यासारखा दुमडतो. क्रॉस ट्रेनरवर पाऊल पॅडलवरून उचललं जात नाही, त्यामुळे धावताना बसतो तसा हादरा गुडघ्याला बसत नाही. तुम्हाला हवा आहे तो फायदा हाच. आखूड स्ट्राइडमध्ये तो बराचसा वाया जातो. जाहिरातीत हा आकडा दिलेला नसेल तर विचारा, आणि विक्रेत्याला सांगता आला नाही तर ते मशीन सोडून द्या.

त्यानंतर वजन. मशीनवर लिहिलेली वजनमर्यादा तुमच्या वजनापेक्षा निदान २०-२५ किलो जास्त हवी, म्हणजे तुम्ही १२० किलोच्या खालचं बघूच नका. मशीन स्वतःही जड असलेलं बरं. हलकी फ्रेम जोरात चालवली की डुगडुगते, नट सैल होतात, मग करकर सुरू होते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. रेझिस्टन्स, म्हणजे पॅडल जड करणारी यंत्रणा, मॅग्नेटिकच घ्या. त्यात चुंबक फ्लायव्हीलला (आतल्या जड चाकाला) न टेकता त्याला अडवतं, त्यामुळे आवाज कमी आणि घासून झिजायला पट्टा नाही. पंख्याच्या पात्यांवर चालणारी एअर बाइक स्वस्त मिळते, पण आवाज फार करते.

डिस्प्ले, ब्लूटूथ, बारा प्रोग्रॅम यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कॅलरीचा आकडा तर ढोबळ अंदाज असतो.

जुनं मशीन बघायला जाताना रोजचे व्यायामाचे बूट घालून जा आणि मालकाची परवानगी घेऊन निदान दहा मिनिटं चालवा. दोन मिनिटांत सगळीच मशीन चांगली वाटतात. गुडघे हँडलला लागतात का, टाचा सारख्या उचलल्या जातात का, दोन पॅडलमधलं अंतर इतकं आहे का की पाय फाकवून उभं राहावं लागतंय, हे बघा. मग खाली उतरून पॅडल हाताने हळूहळू फिरवा. एका ठरावीक जागी कट-कट होत असेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. रेझिस्टन्सची लेव्हल सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त करून पाहा. फरक जाणवायला हवा. मुंबईत किंवा कोकणात घेत असाल तर मशीन बाल्कनीत ठेवलेलं होतं का ते आधी विचारा, कारण खाऱ्या हवेचा गंज खालच्या बाजूने चढतो आणि वरून दिसत नाही. त्या कंपनीचा दुरुस्तीवाला तुमच्या शहरात येतो का, हेही फोन करून खात्री करा. सुटे भाग मिळाले नाहीत तर स्वस्तात घेतलेलं महागात पडतं.

घरी जागा मोजताना लांबी-रुंदीइतकीच उंची बघा, हे खूप जण विसरतात. पॅडल वर आलं की तुम्ही फूटभर तरी उंच होता, म्हणजे डोकं सात फुटांच्या आसपास जातं. मशीन सीलिंग फॅनच्या किंवा माळ्याच्या खाली ठेवू नका. खाली जाड रबरी मॅट टाका.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांना गुडघा दाखवला नसेल तर खरेदीच्या आधी दाखवा. त्यांनी उभ्याने व्यायाम नको म्हटलं, तर याच बजेटात पाठीला टेक असलेली रिकम्बंट बाइक नवी कोरी मिळू शकते, आणि मग तीच घ्या.