भारताचा फुटबॉल डिफेंडर अनस एडाथोडिका इतके क्लब का बदलत राहिला? पैशाच्या मागे होता का?

पैशाचा विषय निघतो कारण 2017 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात, जमशेदपूरने त्याला पहिल्याच पिकला 1 कोटी 10 लाखाला उचललं आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पण त्याची क्लबांची यादी जरा नीट बघा, अर्धे क्लब आज अस्तित्वातच नाहीत. माणूस क्लब सोडत होता त्यापेक्षा जास्त क्लबच गुंडाळले जात होते.

पोरगा केरळमधल्या मलप्पुरमचा, कोंडोट्टीचा. घरची परिस्थिती बेताची, फुटबॉलच्या खर्चासाठी रिक्षा चालवलेली. 2007 ला मुंबई एफसीत आला (हा मुंबई सिटी नाही हं, आयएसएलमधला रणबीर कपूरवाला वेगळा, हा कूपरेजवर खेळणारा जुना, आय-लीग म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमधला). तिथून 2011 ला आमच्या पुण्यात, पुणे एफसीकडे. बालेवाडीला मॅच असली की स्टँड जवळपास रिकामेच असायचे त्यामुळे बॅकलाइनची, म्हणजे डिफेंडरांची, आरडाओरड वरपर्यंत ऐकू यायची, आणि याचा खेळ बघायला मजा यायची कारण स्ट्रायकरला वळायलाच द्यायचा नाही, पाठीला चिकटून उभा राहायचा आणि बॉल आला की आधी याचा पाय. 2012-13 ला पुणे आय-लीगमध्ये दुसरं आलं, चर्चिल ब्रदर्सच्या मागे, हे आज पुण्यातल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मग 2015 च्या सीझननंतर पुणे एफसी बंद. तो गेला दिल्ली डायनामोजला, कोच साक्षात ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस. तेव्हा आयएसएल आणि आय-लीग वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत चालायच्या म्हणून एकाच वर्षात दोन जर्सी घालणं कॉमन होतं, हा पण दिल्लीकडून खेळून 2017 ला मोहन बागानमध्ये लोनवर (उसना), तिथे आय-लीगचं जेतेपद एका पॉइंटने आयझॉल क्लबकडे गेलं. पुढे जमशेदपूर, केरला ब्लास्टर्स, एटीके वगैरे. दरम्यान मुंबई एफसी 2017 ला बंद, दिल्लीवाले 2019 ला भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाले, एटीके 2020 ला मोहन बागानमध्ये विलीन. आता सांगा, निष्ठा कुणाशी ठेवायची?

मला खरा राग येतो तो नॅशनल टीमचा. इंडियाकडून पहिली मॅच 2017 ला, कंबोडियाविरुद्ध, वय 30! आय-लीगमध्ये इतकी वर्षं घासलेल्या स्टॉपरकडे (मधल्या डिफेंडरकडे) कुणाचं लक्षच नव्हतं. आणि मिळालं ते पण किती, 2019 च्या एशियन कपमध्ये बहरीनविरुद्ध सुरुवातीच्या काही मिनिटांतच इंज्युरी होऊन बाहेर, ती मॅच आपण इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर हरलो आणि लगेच याने इंटरनॅशनल रिटायरमेंट जाहीर केली. नंतर इंडियाचा नवा कोच श्टिमाचने परत कॅम्पला बोलावलं तो भाग वेगळा.

त्याचा खेळ बघायचा असेल तर त्याच एशियन कपची थायलंडची 4-1 वाली मॅच शोधा. सगळे छेत्रीचे गोल बघतात, तुम्ही त्याचा जोडीदार डिफेंडर झिंगन आणि अनसवर नजर ठेवा. पहिल्या हाफमध्ये थायलंडच्या दांगडाने हेडरने बरोबरी केली होती, पण दुसऱ्या हाफमध्ये थायलंडला एकही गोल मिळाला नाही.