केळीचा मळा गहाण ठेवून नॅनो पावडर नको

प्रश्न : मुलगा जळगावला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ५८ टक्के. एक कंपनी तांबे-निकेल मिश्रधातूची नॅनो पावडर (अतिशय बारीक भुकटी) करणारी बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांनी धातू दळणारं यंत्र, देते आणि माल स्वतःच परत घेते. मुलाला सहकर्जदार करून केळीच्या मळ्यावर कर्ज काढतोय. तो म्हणतो, मला प्रयोगशाळेतलं मोजमापाचं काम आवडतं. हल्ली घरात बोलत नाही. त्याची समजूत कशी घालू?
– एक पालक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, समजूत तुमचीच घालावी लागेल असं दिसतं. तुमच्या पत्रात यंत्र, हप्ता, अनुदान यांवर दोन पानं आहेत आणि पोराच्या म्हणण्याला एक ओळ. त्याचे ५८ टक्के मला खटकत नाहीत. बाविशीतल्या पोराच्या डोक्यावर बापाच्या मळ्याचं कर्ज बसतंय, ते खटकतं. सहकर्जदार झाला की बँक हप्ता त्याच्याकडेही मागणार. मग प्रकल्प सहायकाच्या तुटपुंज्या मानधनावर दोन वर्षं शिकायची वाट त्याला बंद. धंदा बसला तर मळ्याचा दोष आयुष्यभर त्याच्या माथी येईल. तो गप्प आहे, कारण त्याला हे कळतं.

आता पावडरीचं. 'एक्सआरडीवर ३० नॅनोमीटर' असं कंपनीच्या कागदावर आहे, आणि फसगत इथेच होते. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणारी चाचणी; तिच्या आलेखात प्रत्येक पदार्थाच्या ठरावीक रेषा उमटतात. एक्सआरडीच्या रेषेच्या रुंदीवरून कणाच्या आतल्या एकेका स्फटिकाचा आकार निघतो, कणाचा नव्हे. बॉल मिलमध्ये धातू ठेचला जातो, तुटतो आणि पुन्हा एकमेकांना चिकटतो. त्यामुळे कित्येक मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) कणात २०-३० नॅनोमीटरचे असंख्य स्फटिक गच्च भरलेले असतात. रेषा रुंद दिसते, पावडर मात्र जाडीभरडीच राहते. पडताळा सोपा आहे : बीईटी या वायू शोषणाच्या चाचणीतून एका ग्रॅमचं पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. ६००० ला घनता (इथे घन सेंटिमीटरला ८.९ ग्रॅम) आणि ते पृष्ठफळ यांच्या गुणाकाराने भागा, कणाचा अंदाजे आकार नॅनोमीटरमध्ये मिळेल. खरंच ३० नॅनोमीटर असेल तर ग्रॅमला साधारण २२ चौरस मीटर यायला हवेत. एकच आला, तर कण ६७० नॅनोमीटरच्या आसपास. हा आकडा कंपनीकडे लेखी मागा. सोबत टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) चित्रं, ऑक्सिजनचं प्रमाण आणि पोलादी गोळ्यांतून मिसळलेलं लोखंड किती, तेही मागा. '९९.९ टक्के शुद्ध' हा आकडा बहुधा फक्त धातूंच्या हिशेबाने दिलेला असतो. ऑक्साइड त्यात धरलेला नसतो.

माल खरा निघाला तरी पुरवठ्याची गोष्ट वेगळी. प्रयोगशाळा असा माल ग्रॅममध्ये घेतात, आरगॉन भरलेल्या बंद पाकिटात, प्रत्येक खेपेच्या तपासणीपत्रासह. हवा लागली की पृष्ठभागावर ऑक्साइड चढतो, आणि कण जितका बारीक तितका त्याचा वाटा मोठा. ताजी पावडर हवेत स्वतःहून पेटू शकते, म्हणून मिलचं भांडं घाईने उघडायचं नसतं. अशी आग पाण्याने विझवायला गेलात तर भडकते; कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक लागतं. निकेलची धूळ फुप्फुसाला घातक. हे शेतातल्या शेडमध्ये करायचं काम नव्हे. आणि माल परत घेण्याची हमी? विकणारा आणि घेणारा एकच असेल, तर बाजार आहे कुठे? दुसऱ्या तीन ग्राहकांची नावं द्यायला सांगा.

पोराला जे आवडतं, त्यालाच या क्षेत्रात किंमत आहे. पावडर मिश्रधातू झाली की नुसती सरमिसळ, हे ठरवणारा माणूस लागतो. एक्सआरडीच्या आलेखात तांब्याची मुख्य रेषा ४३.३ अंशांवर येते, निकेलची ४४.५ वर. दोन्ही वेगळ्या दिसल्या तर सरमिसळ. मध्ये एकच आली तर मिश्रधातू. त्याला गाइडशी बोलून प्रबंधासाठी हाच विषय घेऊ द्या. क्षारांपासून द्रावणात कण बनवताना तांबं आधी क्षपित होतं (क्षारातून धातू म्हणून सुटतं) आणि निकेल मागाहून त्यावर चढतं, त्यामुळे मिश्रधातूऐवजी तांब्याचा गाभा आणि निकेलचं कवच तयार होतं. हे कसं टाळायचं, यावर अख्खा प्रबंध होईल. टीईएम विद्यापीठात मिळालं नाही, तर आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात शुल्क भरून नमुने तपासून मिळतात.

गेट आणि नेट या परीक्षा द्यायच्या आहेतच. गेटच्या गुणांवर मटेरियल सायन्सचं एम.टेक. करता येतं. हैदराबादचं एआरसीआय हे संशोधन केंद्र पावडर धातुशास्त्र आणि नव्या पदार्थांवर काम करतं, तिथल्या प्रकल्प पदांच्या जाहिराती त्याने पाहत राहाव्यात. पुण्याकडच्या पावडर मेटलर्जीच्या कारखान्यांतली गुणवत्ता तपासणीही चांगली. तिथली पावडर मायक्रॉनमधली असते, पण मोजण्याची शिस्त तीच.

कर्जाचा अर्ज आधी थांबवा. कंपनीचे कागद आले की ते पोराच्या हाती द्या आणि वरचा भागाकार त्यालाच करायला सांगा.