‘छंद म्हणून छान आहे’ एवढ्यावर सोडू नका

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते. आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक काका आहेत, रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेत. मागच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगची नोटीस द्यायला त्यांच्याकडे गेले तर बाल्कनीत, पलंगाखाली, फ्रिजवर, सगळीकडे भाजलेल्या मातीच्या बाया! बहुतेक कोळणी, कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणी पाय चोळत बसलीये, चेहरे जेमतेम पण हात केवढाले मोठे. भट्टीपण त्यांनी स्वतःच बनवलीये, मित्राच्या गाळ्यात ठेवलीये. कुठं शिकलात विचारलं तर म्हणाले, "फुटत गेलं तसं शिकत गेलो." मला तिथून निघवेना. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले, रिटायर माणसाला छंद हवाच, छान आहे. मी कॉमर्सवाली, मला कलेतलं काही कळत नाही. हे काम खरंच चांगलं आहे, की काकांचं कौतुक वाटतं म्हणून मला चांगलं वाटतंय? एक विकत पण घ्यायचीये, पण ते पैसेच घेत नाहीत. चार फोटो सोबत पाठवतेय.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचे फोटो मी मोबाईलवर मोठे करकरून बघितले आणि टोपलीवालीपाशी अडकले. तुम्ही तो वरून काढलाय म्हणून दिसलं, टोपली वरून उघडी आहे आणि ते भोक खाली थेट बाईच्या पोटात जातंय. आता हे का महत्त्वाचं ते सांगते.

आपल्याला मूर्ती म्हटलं की शाडूचा गणपती आठवतो, पण शाडू आपण नुसता वाळवतो, भाजत नाही, म्हणून तर तो पाण्यात विरघळतो. माती भट्टीत गेली की गोष्टच बदलते. साधारण पाचशे-सहाशे डिग्रीच्या आसपास मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती परत कधीच चिखल होत नाही. पण त्याच्या कितीतरी आधी, शंभर डिग्रीलाच, नीट न वाळलेल्या जाड मातीतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की मूर्ती आतल्या आत फुटते, शेजारच्या दोन घेऊन जाते. म्हणून काम पोकळ करायचं, भिंत फार जाड ठेवायची नाही आणि आतली हवा-वाफ जायला कुठंतरी वाट ठेवायची. बरेच जण बुडाला भोक पाडून मोकळे होतात. काकांनी ती वाट टोपलीतच लपवलीये, म्हणजे अडचणीचंच रूप करून टाकलं! हे कुणी शिकवत नाही हो, हे दहा वेळा फुटलं की सुचतं.

हातांचंही तसंच. जाड पंजा बारीक मनगटाला लावला तर मनगट आधी वाळतं, पंजा मागून वाळतो, आणि वाळताना-भाजताना माती एकूण दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून तडा बरोबर मनगटाशी जातो. चारही फोटोंत बघा, एकही हात हवेत नाहीये, एक गुडघ्यावर टेकलाय, एक टोपलीला धरून, एक स्वतःच्याच पायावर. तुम्हाला त्या बाया दमलेल्या वाटल्या असतील तर त्याचं अर्धं कारण हे टेकलेले हात आहेत. आणि ऐरोलीत खाडीच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, हे वाळवणं म्हणजे काय दिव्य असेल ते मला माहितीये, कारण मीही थोडं माती काम करते. वरून कोरडं दिसतं, गालाला लावलं की गार लागतं, म्हणजे आत अजून ओल आहे. काकांना विचारून बघा, तेही गालाला लावत असतील.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : काम चांगलं आहे आणि तुम्हाला ते कळलंय, म्हणूनच तिथून निघवलं नाही. फक्त एक विनंती, त्यांना "न शिकता किती छान केलंत" असं म्हणू नका. मी एकदा एका प्रदर्शनात एका बाईंना असं म्हणाले होते आणि त्यांचा चेहरा जो पडला तो मला अजून आठवतो. त्यात आपण माणसाला शाबासकी देतो आणि वस्तूकडे बघतच नाही. त्यापेक्षा त्यांना विचारा की याच बाया परत परत का, हात मोठे कधीपासून झाले, पहिली कुठली आणि कालची कुठली. शक्य असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. जपानमध्ये शिनिची सावादा म्हणून एक शिल्पकार आहेत, १९८२ चा जन्म, ऑटिझम आहे, फार बोलत नाहीत. त्यांची मातीची माणसं, जनावरं, सगळी बारीक बारीक काट्यांनी भरलेली, एकेक काटा हाताने लावलेला. २०१३ ला ती व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथं दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, मांडली गेली. तेच ते काटे, पण दोन कामं एकसारखी नाहीत. हे तेच-ते असणं म्हणजे दुसरं काही जमत नाही म्हणून नव्हे, त्या माणसाला अजून काहीतरी शोधायचंय.

आता विकत घेण्याचं. पैसे द्याच. नको म्हणतील, तरी द्या. "माती तर आहे" हे त्यांच्या मनात असेल तर विजेचं बिल, भट्टीची कॉइल आणि फुटलेल्या मूर्ती मोजायला सांगा, इलेक्ट्रिशियन माणूस आहे, हिशोब लगेच पटेल. घेण्याआधी माठ घेताना वाजवतो तशी हलकेच टिचकी मारा, खणखणीत वाजली तर उत्तम, बद्द आवाज आला तर आत कुठंतरी तडा आहे. तडा असलेली आवडली असेल तर तीही खुशाल घ्या, फक्त खिडकीत ठेवू नका.

आणि यादी करा, तुम्ही कॉमर्सवाल्या, तुम्हाला छान जमेल. प्रत्येकीचा फोटो, उंची, साधारण कधी केली. अमेरिकेत मिलवॉकीला यूजीन फॉन ब्रुएनशेनहाइन नावाचे एक गृहस्थ होते, बेकरीत काम करायचे, माती स्वतः खणून आणायचे आणि घरातल्या कोळशाच्या शेगडीत भाजायचे. घर भरलं होतं कामाने आणि बाहेर जवळपास कुणाला पत्ता नाही. १९८३ ला ते गेले, मग एका मित्राने म्युझियमला कळवलं तेव्हा जगाला कळलं. काकांच्या बाबतीत इतकी वाट कशाला बघायची? आधी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी पंचवीस बाया मांडा, मिस्टरांनाच टेबलं लावायला सांगा. पुढचं ठाण्याच्या कलाभवनात वगैरे नंतर बघू. यापुढे माती ओली असतानाच बुडाशी नाव आणि साल कोरायला सांगा, भाजल्यावर ते जमत नाही.

आणि मला त्या पाय चोळणाऱ्या बाईचा पाठीमागून एक फोटो पाठवा. तिच्याकडे टोपली नाही, मग वाफेला वाट कुठून दिलीये ते मला बघायचंय.