संघराज्य पद्धतीचा सामान्य माणसाला खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की दिल्लीत एकच भक्कम सरकार असतं तर राज्यं, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती हा एवढा पसारा कशाला हवा होता. मी साक्री तालुक्यातला, जि. धुळे. माझं उत्तर पांझरा नदीच्या काठचं आहे: ज्याचा प्रश्न, त्याच्या जवळच निर्णय होतो, हा पहिला फायदा.

पांझरेवरच्या जुन्या दगडी बंधाऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार फड, म्हणजे भाग, पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या; त्यांना शेतकरीच नेमायचे आणि मोबदला धान्यात द्यायचे. नदीचं पाणी कमी पडलं की कोणता फड पडीक ठेवायचा, हे तेच बसून ठरवायचे. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, त्यामुळे झळ एकट्यादुकट्याला बसायची नाही आणि ठरलेलं सगळे पाळायचे. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, बरेच फड मोडले. पाण्याचा हिशेब गावाच्या हातून गेला तो गेलाच.

राज्यांना स्वतःची वाट काढता येते, हाही मोठा फायदा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामं काढली, 1977 मध्ये त्याचा कायदा केला. देशाने तसा कायदा केला 2005 मध्ये. सगळं दिल्लीनेच ठरवायचं असतं तर दुष्काळी भागातल्या मजुराने तोवर काय खाल्लं असतं?

नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला. त्याआधी धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी सातपुडा उतरून थेट धुळं गाठावं लागायचं. ज्याची त्यात दिवसाची मजुरी बुडते, त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

पण अधिकार दिल्लीहून निघून मुंबईत अडकले तर आम्हाला काय उपयोग? 1994 मध्ये विकासातला असमतोल दूर करायला वैधानिक विकास मंडळं झाली ती विदर्भाला, मराठवाड्याला आणि 'उर्वरित महाराष्ट्रा'ला. त्या उर्वरितमध्ये पुण्याच्या पंगतीला खान्देश! आमच्या अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिल्याचा, वेगळा हिशेब मागायचा तरी कुणाकडे? म्हणून माझ्या मते राज्याला अधिकार मिळाले एवढ्यावर थांबून चालणार नाही, ते पैशासकट गावापर्यंत यायला हवेत. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिलं, पण आजही ग्रामपंचायतीच्या हक्काची कमाई म्हणजे मुख्यतः घरपट्टी नि पाणीपट्टी.