चिमणीच्या धुराला उन्हाची मदत

प्रश्न: ताई, आमच्या गच्चीवरच्या सोलरचं पाणी मे महिन्यात हात पोळेल एवढं तापतं, मग जयगडसारख्या कोळशाच्या वीज प्रकल्पात धुरातला कार्बन पकडायला हेच ऊन वापरता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: येईल की! धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात शोषून घेतात, पण खरी गोची पुढे आहे, ते द्रावण 120 अंशांच्या आसपास तापवलं की मगच वायू सुटतो आणि द्रावण परत वापरता येतं. तापवायला लागणारी वाफ वीज बनवणाऱ्या टर्बाइनमधून काढली की वीज तेवढी घटते, म्हणून ती उष्णता उन्हातून घ्यायची. गच्चीवरचा हीटर एवढा तापत नाही, इथे पन्हळीसारखे लांब वाकवलेले आरसे लागतात, मधल्या नळीतलं तेल तापवणारे, आणि त्यांना जागा भरपूर लागते, सडे, म्हणजे कातळाची पठारं, आहेत आपल्याकडे पण कातळशिल्पं नि पावसाळी फुलं मोडून आरसे नकोत, हे मी अगदी कळकळीने सांगते. रात्रीचं जमतं, वायू शोषलेलं द्रावण टाकीत ठेवून सकाळी उन्हावर तापवायचं. पावसाळ्यात मात्र आमसुलं वाळत नाहीत तिथे आरसे काय तापणार, ते चार महिने टर्बाइनचीच वाफ.