'दे' एकालाच

बाय,

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. सांत अंतोन या संताची तसबीर तू उतरवून कपाटामागे ठेवलीस आणि संध्याकाळच्या रोजरीच्या जपमाळेतून 'हे पाप आहे' म्हणून उठून गेलीस, एवढं सांगून ती रडायलाच लागली. तासाभराने तुझा मेसेज: "सर, मी इतकी वर्षं मूर्तिपूजा करत होते का?"

पुण्याच्या प्रॉटेस्टंट मैत्रिणींनी तुला बायबलातलं, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 2:5 दाखवलं. देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. वचन खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्याच अध्यायाची सुरुवात कुणी वाचली का? सगळ्यांसाठी विनंत्या करा, मध्यस्थी करा, असं पौल चारच वचनं आधी सांगतो. तुझ्या मैत्रिणीही परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींना 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतातच ना?

आता तू कपाट उघड आणि आईच्या पुस्तकातली संतांची लितानी, ती एकेक नाव घेत म्हणायची प्रार्थना, काढ. लहानपणापासून तोंडपाठ आहे म्हणूनच ती तू कधी वाचलेली नाहीस. देवाचं नाव आलं की आपण म्हणतो 'आम्हांवर दया कर'. मरियेचं, पेत्राचं, अंतोनचं नाव आलं की म्हणतो 'आम्हांसाठी विनंती कर'. पुढे पुन्हा प्रभूकडे वळलो की 'आम्हांला सोडव'. ज्यांनी ती रचली त्यांना फरक नेमका ठाऊक होता. 'दे' एकालाच म्हणायचं. बाकी सगळ्यांना म्हणायचं, 'आमच्यासाठी माग'.

हे मला तुझ्या वयात कळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या आईचा उजवा हात लुळा पडला तेव्हा मी बांद्र्याच्या जत्रेला गेलो. मोत माऊलीच्या, म्हणजे टेकडीवरच्या मरियेच्या देवळाच्या, पायथ्याशी दुकानांत नवसाचे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असतात, तू पाहिली आहेस. मी हात घेतला. चढणीवरच्या गर्दीत त्याची करंगळी मोडली. मी घामाघूम होऊन खाली परत आलो आणि दुकानदाराशी भांडून हात बदलून घेतला. का, तर चारच बोटं बरी झाली तर! हसू नकोस. तेव्हा मी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नव्हतो, पोरांना धर्मशिक्षण देत होतो, आणि देवाच्या आईशी माझा व्यवहार किराणावाल्यासारखा होता.

हात बरा झाला नाही. मी तीन वर्षं त्या टेकडीवर पाय ठेवला नाही. एकदा आईने विचारलं, तू मागितलंस तरी काय? म्हटलं, तुझा हात दे म्हणालो. डाव्या हाताने मणी ओढत ती म्हणाली, "ती कुठनं देणार? तीपण मागतेच."

तेव्हा तुझ्या मैत्रिणींचा राग मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. हरवलेली किल्ली सापडेपर्यंत अंतोनला उलटा करून ठेवणारे आपल्याच आळीत आहेत. ते पाहून कुणी मूर्तिपूजा म्हणालं तर लागतं, पण उत्तर काय देणार? बायबलातल्या प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पाया पडायला जातो, तर देवदूतच त्याला अडवतो आणि देवाला नमन कर म्हणतो.

वाद घालायचाच असेल तर सरळ घाल. मक्काबीचं दुसरं पुस्तक काढू नकोस. त्यात मरण पावलेला यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो खरा, पण तुझ्या मैत्रिणींच्या बायबलात ते पुस्तकच नाही. स्वर्गातल्या माणसाला विनंती करा अशी थेट आज्ञा बायबलात नाही, हेही कबूल कर. प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या लूथरच्या लोकांनी 1530 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हेच म्हटलं होतं: संतांची आठवण ठेवा, त्यांचा धडा घ्या, पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही. आणि आपल्या कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये काय म्हटलं? संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगाचं. प्रत्येकाने केलंच पाहिजे, असं म्हटलं नाही. तुला जमत नसेल तर नको करूस. आईला पापी ठरवू नकोस, बस.

मला जमतं, कारण मरणाने विश्वासणाऱ्यांची मंडळी तुटते असं मी मानत नाही. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला क्रुसावर भाल्याने मारलं. ख्रिस्तात जिवंत असलेला तो माणूस गावच्या पोरांसाठी दोन शब्द टाकत नसेल, हे मला पटत नाही.

एक सांगायचं टाळत होतो. तुझाच प्रश्न वर्गात एका मुलाने विचारला होता. मी "खाली बस" म्हणालो. चाळीस पोरं होती, मिस्साची घंटा झाली होती, आणि खरं सांगू, उत्तर मला येत नव्हतं. तरी त्या काळी कुणीही हेच केलं असतं. नाही, कुणीही नसतं केलं. तो मुलगा आज दुसऱ्या मंडळीत प्रवचन देतो. चांगलं देतो म्हणतात.

म्हणून हे लांबलचक पत्र. तसबीर परत लाव किंवा लावू नकोस, पण कपाटामागे ओल आहे, तिथून तरी काढ. आईजवळ बस. तिला विचार, ती काय म्हणते, 'दे' की 'माग'. मला खात्री आहे की तिला तुझ्या-माझ्यापेक्षा बरं ठाऊक असणार.

आणि हो, पुढच्या गुरुवारी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांग, सरांसाठी प्रार्थना करा म्हणावं.

तुझा सर