मन लागण्याची वाट पाहू नका

"ताई, सगळं व्यवस्थित आहे हो, पण इथे माझं असं कोणी नाही." नेदरलँड्समधल्या आइंडहोवन, आम्स्टलव्हेन, हेग या शहरांतून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर हे वाक्य मी समुपदेशक म्हणून पुन्हा पुन्हा ऐकते. बोलणारी बहुतेकदा बायको असते. नवऱ्याला तिकडे नोकरी मिळालेली असते आणि ऑफिसमुळे त्याच्याभोवती माणसं आपोआप जमतात. हिने पुण्यातली नोकरी सोडलेली असते. दिवस मोठा आणि घर शांत.

या बायका कर्तबगार असतात, हे आधी सांगते. नेदरलँड्सला पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदणी, मग बीएसएन म्हणजे नागरिक क्रमांक, बँक खातं, डिजिडी म्हणजे सरकारी कामांसाठीचं ऑनलाइन लॉगिन, चार महिन्यांच्या आत आरोग्य विमा, मुलाची शाळा, घराजवळचा हाउसआर्ट्स म्हणजे फॅमिली डॉक्टर. सगळं त्या चोख करतात. कारण कागदांना मुदत असते. माणसं जोडायला मात्र कोणी मुदत देत नाही आणि ते काम "जरा मन लागलं की करू" म्हणून मागे पडतं.

आइंडहोवनच्या एका तरुणीशी झालेली बोलणी सांगते, तपशील बदलून. मूळची साताऱ्याची, पुण्यात बँकेत चांगल्या पदावर होती. सप्टेंबरात तिकडे गेली आणि डिसेंबरात माझ्याशी बोलू लागली. डिसेंबरात तिथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला अंधारतं, हे लक्षात घ्या. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, मग आईला फोन लावायचा आणि तो दुपारपर्यंत चालू ठेवायचा. आई तिकडे भाजी निवडतेय, ही इकडे भांडी आवरतेय.

"मन लागलं की डच शिकेन, सायकल शिकेन," ती म्हणाली. "पण मनच लागत नाही."

"आणि बाहेर न पडता ते कसं लागेल?" मी विचारलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाहेर पडून तरी काय? लोक थंड आहेत. शेजारीण रोज हसते, पण एकदाही आली नाही. मी दोनदा बोलावलं."

"नेमकं काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, कधीतरी या चहाला."

"साताऱ्यात असं म्हटलं असतं तर?"

"तर काय, दुसऱ्या दिवशी हजर! नाहीतर मीच गेले असते त्यांच्याकडे, वाटीभर काहीतरी घेऊन." आणि ती बोलता बोलता थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलायचं नसतं, हे मी अनुभवातून शिकले आहे. मग हळूच म्हणाली, "ताई, तिला वाटलं असेल का, की मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले? मी दिवसच सांगितला नाही."

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. तीन महिने ती शेजारणीच्या न येण्याचा अर्थ "मी तिला नकोय" असा लावत होती. तो अर्थ तिचा तिनेच बाजूला ठेवला. मी तिला सांगितलं असतं की डच लोक वेळ ठरवल्याशिवाय कोणाकडे जात नाहीत, तर तिने मान हलवली असती आणि काही बदललं नसतं. माणसाला स्वतःला दिसलं तरच ते पुढचं पाऊल टाकतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्या आठवड्यात तिने दार वाजवून विचारलं, "गुरुवारी सकाळी दहाला कॉफीला याल का?" शेजारणीने फोनमधलं कॅलेंडर उघडलं, हा गुरुवार नाही, पुढचाही नाही, त्याच्या पुढचा चालेल. जुनी सवय असती तर हिने याला नकार मानलं असतं. शेजारीण त्या दिवशी दहाच्या ठोक्याला फुलं घेऊन आली, तासभर बसली आणि निघताना तिनेच पुढची तारीख विचारली. तिकडे डायरीत जागा देणं हाच जिव्हाळा आहे. आपल्याकडचा न सांगता येण्यातला जिव्हाळा तिकडे शोधत राहिलात तर पदरी निराशाच येईल.

आईशी बोलणं तोडायला मी सांगितलं नाही, फक्त वेळ बदलायला सांगितली. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. दुपारी एकला फोन केला तर साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. सकाळ मोकळी झाली.

त्या मोकळ्या सकाळी काय करायचं, हे मी सगळ्यांनाच आग्रहाने सांगते. एकच ठिकाण, एकच वार, एकच वेळ. तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत टालकॅफे भरतो. स्वयंसेवक नवख्यांशी सोप्या डचमध्ये गप्पा मारतात. मूड नसला तरी जा. उत्साह आधी येत नाही, चार वेळा गेल्यावर येतो. इंग्रजीवर सगळं भागतं हे खरं, पण शाळेच्या फाटकावर पालक आपसांत डचच बोलतात. मुलीच्या मैत्रिणीच्या आईला तारीख सांगून खेळायला बोलवा आणि सहाच्या जेवणाआधी मुलं आपापल्या घरी जातील असं बघा. शेजाऱ्यांचं पार्सल घरी ठेवून घ्या, ते घ्यायला येतात तेव्हा दोन शब्द होतात. वाढदिवसाला गेलात तर खोलीतल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं असतं, बिचकू नका. सायकल मोठेपणीही शिकता येते. पुढे-मागे दिवे मात्र हवेतच. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा, पण सगळे शनिवार-रविवार तिथेच घालवू नका. आणि नवरा कुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर असेल तर पत्नीला नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी जणी घरी बसून राहतात, याचं मला वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नसेल, भूक नसेल, कशातच रस नसेल, तर ते नुसतं परकेपण नाही. हाउसआर्ट्सची वेळ घ्या आणि "मला मनाचा त्रास होतोय" असं स्पष्ट सांगा. बहुतेक दवाखान्यांत त्यासाठी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती असते. डॉक्टरकडच्या किंवा तिच्याकडच्या भेटीसाठी विम्यातली स्वतः भरायची रक्कम लागू होत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर तिथला 113 हा मदतीचा फोन क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे डायरीतल्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच फोन करायचा.